फुटण्याआधी फुटलेला पाइप

"मी कोण, हा प्रश्न ज्याला पडतो त्याची मला कीव येते. या विमा कंपनीत गेल्या सव्वीस वर्षांत जे जे खोटं आलं, ते माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसलं आणि खरं होऊन उठलं. जळक्या तारेचा नुसता वास घेऊन आग लागली की लावली, हे मी सांगतो. गाडीच्या दारावर दोन टिचक्या मारून चालक झाडावर आदळला की मेहुण्यावर चिडला होता, हे मी सांगतो. माझी नजर घारीची, नाक श्वानाचं, स्मरणशक्ती हत्तीची, चिकाटी मुंगीची, चाल..."

इथे मी लिहायची थांबले आणि विचारलं की साहेब, अजून किती प्राणी आहेत, कारण रकाना शंभर शब्दांचा आहे.

मुख्य कार्यालयाने सगळ्यांना एक फॉर्म पाठवला होता. आपण नेमकं काय काम करता ते लिहा. त्यावरून म्हणे कोणतं काम यंत्राला द्यायचं आणि कोणतं माणसाकडे ठेवायचं, हे ठरणार होतं. साहेबांचा मजकूर चार पानं झाला. त्यात त्यांचं काम काय, हे सोडून सगळं होतं.

साहेबांच्या खिशात कायम एक भिंग असतं, म्हणून ऑफिस त्यांना भिंगसाहेब म्हणतं. ही पदवी आहे असा त्यांचा समज आहे आणि तो दूर करण्याचा धीर कोणाला होत नाही. मला ते टिपणीस म्हणतात. ते माझं आडनाव नाही. चौदा वर्षं त्यांची टिपणं घेतेय, म्हणून टिपणीस. माहेरचं एक आडनाव, सासरचं एक आणि हे तिसरं. तिन्हींत हेच तेवढं मी स्वतः कमावलेलं आहे.

आमचा तपास कक्ष पूर्वी खरोखरच कक्ष होता. त्याला दार होतं. आत तीन पाहणी अधिकारी होते, छतापर्यंत फायली होत्या आणि एका कोपऱ्यात पुरावा म्हणून आणलेला गाडीचा बंपर होता, त्यावर सगळे ओल्या छत्र्या वाळत घालत. मग दिवस पालटले. आता गाडीला पोचा आला की लोक फोनवर फोटो काढून पाठवतात आणि दार बदलायचं की ठोकून सरळ करायचं, हे यंत्र तीन मिनिटांत सांगतं. पाहणी अधिकारी एकेक करून गेले. एकाने गाड्या धुण्याचा धंदा काढला, तो आता पोचा आलेल्या गाड्यांकडे बघून उसासे टाकतो असं ऐकलं. कक्षाची काचेची खोली झाली, तिच्यात यंत्रं गारव्याला ठेवली, आणि आम्हाला जिन्याखाली एक टेबल मिळालं, हात धुवायच्या बेसिनला खेटून. हात धुणारा प्रत्येकजण आमच्या कागदांवर चार थेंब झटकून जायचा. साहेब म्हणायचे, जागा मोक्याची आहे, अख्खं ऑफिस दिवसातून एकदा आपल्या नजरेखालून जातं. जे जात नाहीत त्यांचीही ते वेगळी यादी ठेवत.

दावा नोंदवायची रीतही बदलली होती. आता फोन करायचा. पलीकडे बाई बोलते, पण ती बाई नाही, यंत्र आहे. इतकी लाघवी बोलते की ऑफिसात तिचं नाव गोडबोली पडलं. ती विचारते, लोक सांगतात, आणि ती तक्ता भरते. लोकांचा आवाज यंत्रवाल्या कंपनीकडे राहतो. आमच्याकडे येतो फक्त तक्ता.

एका सोमवारी आमच्या शाखाप्रमुख बाई बेसिनपाशी आल्या आणि हात न धुता उभ्या राहिल्या, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गंभीर आहे. त्यांनी टेबलावर तक्ता ठेवला. गेल्या तीन आठवड्यांत असे सव्वीस दावे आले होते की ज्यांत फोन केल्याची तारीख आधीची आणि नुकसान झाल्याची तारीख नंतरची. म्हणजे लोक आधी भरपाई मागत होते आणि मग त्यांचं नुकसान होत होतं. गोडबोलीने प्रत्येकापुढे शेरा मारला होता: घटनेपूर्वी दावा, संशयास्पद.

"शुक्रवारी मुख्य कार्यालयाबरोबर बैठक आहे," बाई म्हणाल्या. "खरं सांगायचं तर तुमचा कक्ष बंद करायचं जवळजवळ ठरलंय. पण यामागे टोळी असेल आणि ती तुम्ही दाखवून दिलीत, तर मी तुमच्यासाठी भांडेन. यंत्राला टोळी पकडता येत नाही, हे मला त्यांच्या गळी उतरवायचंय."

आणि टोळी नाही सापडली तर, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की मग शुक्रवारी गाशा गुंडाळायचा. दाव्यांचं म्हणाल तर ते फसवणुकीचा शिक्का मारून बंद होणार होते. यंत्राचं तसं ठरलंच होतं, फक्त माणसाची सही राहिली होती. एकदा तो शिक्का बसला की त्या माणसाला दुसरी कुठलीही कंपनी दारात उभं करत नाही.

साहेब तक्त्यावर भिंग फिरवत होते. सव्वीसही दाव्यांत दोन तारखांमध्ये बरोबर दोन दिवसांचं अंतर होतं, हे त्यांनी शोधून काढलं. "दोन," ते म्हणाले. "कधी एक नाही, कधी तीन नाही. याचा अर्थ कळला का, टिपणीस? टोळीत दोघेजण आहेत."

मी सुचवलं की या सव्वीस लोकांना फोन करू आणि सरळ विचारू.

साहेबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "संशयिताला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो. आणि उत्तर मिळालं की तपास संपतो. आपल्याला तपास करायचाय."

पहिला तर्क सोमवारी दुपारी निघाला. ज्याला पुढचं आधी कळतं असा कोणीतरी या लोकांना फितवतोय. यादीत एक बेकरीवाला होता, एक शाळेच्या गाडीचा चालक, एक निवृत्त गणिताचे मास्तर आणि हवामान खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. शेवटच्या नावावर साहेबांचं बोट थबकलं. हा माणूस आयुष्यभर पुढचं सांगत आला, ते म्हणाले. मी म्हटलं, सांगत आला खरा, पण खरं किती ठरलं? साहेबांनी अर्धा तास विचार करून त्यांना निर्दोष ठरवलं. ज्याचे सगळे अंदाज चुकतात तो टोळीच्या काय कामाचा?

मंगळवारी सकाळी दुसरा तर्क. सव्वीसपैकी अकरा दावे पाण्याचे होते, तेव्हा यात प्लंबरचा हात असणार. योगायोगाने आमच्या बेसिनचा गळका नळ बघायला प्लंबर आलाच होता. साहेबांनी त्याला पाना खाली ठेवायला लावला आणि विचारलं की पाइप फुटणार हे तुम्हाला आधी कळतं का? कळतं की, तो म्हणाला. हाच घ्या, महिन्याभरात फुटणार, तीनदा लिहून दिलंय तुमच्या ऑफिसात, कोण वाचतंय? साहेबांनी माझ्याकडे अर्थपूर्ण नजर टाकली. मी वहीत "कबुली" असं लिहिलं, कारण मी ते लिहिल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत.

तिसरा तर्क त्याच दुपारचा आणि सगळ्यांत भारी. गुन्हेगार गोडबोलीच आहे. तिला आधी कळतं, कारण ती स्वतःच घडवून आणते. साहेबांनी कोट चढवला, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि तिची उलटतपासणी घ्यायला फोन लावला. मी स्पीकर चालू केला.

"नमस्कार. मी आपली काय मदत करू?"

"या सव्वीस लोकांना तू कशी ओळखतेस?"

"आपल्याला सव्वीस दावे नोंदवायचे आहेत का?"

"मला काही नोंदवायचं नाही. मी या कंपनीचा तपासप्रमुख बोलतोय."

"समजलं. नुकसान कशाचं झालं आहे?"

साहेब आता तापले होते. "प्रतिष्ठेचं," ते म्हणाले.

"प्रतिष्ठा. चारचाकी की दुचाकी?"

साहेब फोन आपटणार एवढ्यात ती मधाळ आवाजात म्हणाली, "आपली नोंद झाली आहे. कृपया येण्यापूर्वी दोन तास काही खाऊ नका."

साहेबांचा चेहरा उतरला. हा विषप्रयोगाचा इशारा आहे, ते हळूच म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. तो मी संपवला. ते वाक्य मला मात्र कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. मी ते वहीत लिहून त्याभोवती गोल केला, पण कुठे ऐकलं ते काही आठवेना.

चार वाजता सत्ताविसावा दावा आला आणि साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. एका शिवणवाल्या बाईंनी त्याच दिवशी फोन केला होता. नुकसान: पाइप फुटून दुकानात पाणी, तीन शिलाई मशीन भिजली. फोनची तारीख मंगळवार. घटनेची तारीख गुरुवार.

"आज मंगळवार आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे हा गुन्हा अजून व्हायचाय. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी गुन्ह्याच्या आधी पोचणार आहे."

बुधवारी त्यांनी अहवाल सांगायला घेतला. चाळीस पानं झाली, आणि टोळीला नावसुद्धा मिळालं: भविष्यचोर. शेवटचं पान कोरं ठेवलं, रंगेहाथ पकडल्याचं वर्णन त्यावर यायचं होतं. मी सगळं टंकलं. खोटं कशाला बोलू, टंकताना मलाही वाटत होतं की असावी बाई एखादी टोळी. घरी कमावणारी मी एकटी, सासूबाईंचं औषधपाणी माझ्यावर, आणि ज्या कामाला दुसरं कोणी ठेवणार नाही ते काम मी चौदा वर्षं करतेय.

गुरुवारी दहा वाजता आम्ही शिवणवाल्या बाईंच्या दुकानी पोचलो. रखरखीत ऊन होतं. साहेबांनी गमबूट घातले होते आणि हातात छत्री होती. संशय येऊ नये म्हणून माझ्या पिशवीत त्यांची एक पॅंट होती, खालून दोन बोटं आत घ्यायला.

दुकान म्हणजे शटर असलेली एकच खोली. दाराशी गिऱ्हाइकांसाठी बाकडं, मध्ये कापायचं टेबल, भिंतीला लागून तीन मशीन. तिन्हींवर जुनी चादर टाकलेली. दोरीवर भिजलेली कापडं वाळत होती, छताला पिवळा डाग होता आणि वरच्या पाइपाला सायकलची ट्यूब करकचून बांधली होती. शाळेच्या गणवेशांचा हा ढीग एका बाजूला पडला होता आणि त्यामागे बसून पन्नाशीच्या त्या शिवणवाल्या मावशी हाताने टीप घालत होत्या. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या.

साहेब वाकले. त्यांनी एका मशीनवरची चादर उचलून भिंगातून सुई बघितली, लाकडी टेबलाची फुगलेली कड बघितली, भिंतीवरची पाण्याची रेघ बोटाने मोजली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "रंगीत तालीम झालेली दिसते."

आम्ही बाकड्यावर बसलो. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. साहेबांनी छत्री उघडली.

मावशींनी एकदा दाराबाहेर पाहिलं आणि एकदा आमच्याकडे. "आत पाऊस आहे का?" त्यांनी टाचण्यांमधून विचारलं.

"अजून नाही," साहेब म्हणाले.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. नातीचा गणवेश झाला का, असं त्या आजींनी विचारलं. अजून नाही, मशीन बंद आहेत, परवा देते, असं मावशी म्हणाल्या. आजींचा पारा चढला. त्या म्हणाल्या की तुम्ही आधीसुद्धा परवाच म्हणाला होतात. कधी म्हणाले, असं मावशींनी विचारलं. परवा, आजी म्हणाल्या. मग बरोबर आहे, मावशी म्हणाल्या, परवा म्हणाले होते, परवा होईल. आजींनी यावर थोडा विचार केला, आपलं काहीतरी चुकलं असावं असं त्यांना वाटलं आणि त्या निघून गेल्या.

मला हसू आलं. पण बारा वाजायला आले होते आणि साहेबांचा धीर सुटला होता. ते छत्रीसकट उठले.

"बाई, नाटक पुरे झालं. पाइप किती वाजता फुटणार आहे, ते सांगा."

मावशींनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. "तो फुटलाय," त्या म्हणाल्या. "रविवारी."

"तो आज फुटायचाय. तुम्ही स्वतः तसं नोंदवलंय."

"मी कशाला असं नोंदवीन?"

"मंगळवारी फोन केला होतात की नाही?"

"केला होता. ती गोड बोलणारी बाई म्हणाली, कधी? मी म्हटलं, परवा."

साहेबांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. "मंगळवारी परवा म्हणजे गुरुवार."

"मंगळवारी परवा म्हणजे रविवार," मावशी म्हणाल्या, आणि मग सुई धरलेला त्यांचा हात तसाच राहिला. "अगं बाई. तिने पुढचा परवा धरला होय? मेलीला मागचा परवा माहीतच नाही?" आणि त्या इतक्या हसल्या की टेप गळ्यातून खाली पडली. "वीस वर्षं या खुर्चीत बसून मी लोकांना पुढचा परवा सांगतेय. जन्मात एकदा मागचा सांगितला, तर कोणी ऐकून घेईना."

मी बाकड्यावर बसूनच यादी काढली आणि सोमवारी करायचे होते ते फोन आता केले. बेकरीवाल्याची भट्टी फोनच्या दोन दिवस आधी जळली होती. शाळेची गाडी दोन दिवस आधी ठोकली गेली होती. मास्तरांनी तर मला शब्दाची व्युत्पत्ती सांगायला घेतली. फोनवर काय सांगितलं होतंत, असं मी प्रत्येकाला विचारलं आणि प्रत्येकाने तो एकच शब्द सांगितला. म्हणजे काल म्हणणाऱ्याचा दावा सुरळीत गेला असणार, तारीख सांगणाऱ्याचाही. अडकले ते सगळे परवावाले.

शेवटचा फोन मी यंत्रवाल्या कंपनीला लावला. तिथला तंत्रज्ञ फार भला होता. तो म्हणाला की ही सहायिका तुमच्याकडे नवीन आहे, आधी ती दातांच्या दवाखान्यात होती. तिथे फोनवर वेळ द्यायची. तिथे परवा म्हणजे पुढचाच, कारण मागच्या परवाची वेळ आजवर एकाही पेशंटने मागितली नव्हती. दोन तास काही खाऊ नका, हेही तिथलंच का, असं मी विचारलं. तो जरा ओशाळला. काही जुन्या सवयी राहिल्यात, तो म्हणाला.

मी हे सगळं साहेबांना सांगितलं. ते छत्री मिटत होते आणि ती त्यांना मिटत नव्हती.

"टोळी नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"दोघांचीसुद्धा नाही?"

एरवी मी हे आठवडाभर हसत घरी सांगितलं असतं. पण त्या क्षणी मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि माझंही. माझ्या पिशवीत त्या पॅंटखाली चाळीस पानं होती. ती उद्या शाखाप्रमुख बाईंनी बैठकीत ठेवली असती तर मुख्य कार्यालयातलं कोणी पाइप बघायला येणार नव्हतं. तक्ता आमच्या बाजूने होता. मावशींना एक शिक्का बसला असता आणि आम्हाला आमचं टेबल राहिलं असतं. हे मला कळत होतं, आणि साहेबांनाही कळत होतं, कारण ते माझ्याकडे बघत नव्हते.

मावशींना यातलं काही माहीत नव्हतं. मग आता माझं काम होईल ना, असं त्यांनी विचारलं. सोमवारी शाळा उघडायची होती, साठ गणवेश राहिले होते, आणि हाताने दिवसाला तीनच होत होते.

साहेब पुन्हा मशीनपाशी गेले. या वेळी त्यांनी चादर नीट घडी करून बाजूला ठेवली. गमबुटांसकट ते जमिनीवर बसले, सुईखालच्या पट्टीवरचा गंज त्यांनी नखाने खरवडला, त्याचा वास घेतला, टेबलाच्या फुगलेल्या कडेवर अंगठा दाबून बघितला. "चार दिवस," ते म्हणाले. "पाणी वरून आलं, उजवीकडून, बराच वेळ. रविवारी सकाळी नऊ ते दहाच्या आत लक्षात आलं असेल."

"पावणेदहा," मावशी चकित होऊन म्हणाल्या. "दुकान उघडलं तेव्हा."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "साहेब, हे तुम्हाला आल्या आल्याच दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं," ते म्हणाले. "पण तक्त्यात गुरुवार होता."

त्यांनी नखातला गंज रुमालाला पुसला. मग म्हणाले, "लिहा, टिपणीस."

मी म्हटलं, साहेब, उद्या बैठक आहे. उद्या काय आहे ते मला माहीत आहे, ते म्हणाले, आणि त्यांनी मला मजकूर सांगितला. चौदा वर्षांत त्यांनी सांगितलेला तो सगळ्यांत छोटा मजकूर होता. सत्तावीस दाव्यांमागे कोणतीही टोळी नाही. परवा हा शब्द समजण्यात आमची चूक झाली. शिलाई दुकानाची मी स्वतः पाहणी केली असून नुकसान रविवारचं आहे.

"आमची की यंत्राची?" मी विचारलं.

"यंत्र आपल्याच कंपनीने लावलंय ना? मग आमचीच."

शुक्रवारी काचेच्या खोलीत, यंत्रांच्या गारव्यात, साहेबांनी तीन वाक्यं वाचली आणि खाली बसले. पडद्यावर दिसणाऱ्या मुख्य कार्यालयाच्या माणसाला वाटलं की आवाज मध्येच तुटला, म्हणून त्याने पुढचं वाचायला सांगितलं. पुढचं नाही, साहेब म्हणाले. मग शाखाप्रमुख बाईंनी परवाचा घोळ त्याला दोनदा समजावला. दुसऱ्यांदा समजल्यावर तो म्हणाला की त्याच्या बायकोचं आणि त्याचं याच शब्दावरून एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं. सत्तावीस दावे त्याच दुपारी मोकळे झाले. तपास कक्ष संध्याकाळी पाचला बंद झाला. बाई भांडणार होत्या, पण टोळीच नव्हती, तर त्या कशावर भांडणार?

पत्र द्यायला त्या खाली आल्या तेव्हा साहेब टेबलाचे खण रिकामे करत होते. त्या म्हणाल्या की गोडबोलीला रोज चाळीसेक लोकांचं बोलणं समजत नाही, आणि आता हेही कळलं की जे समजलं असं तिला वाटतं, त्यातलंही काही समजलेलं नसतं. असे फोन कोणीतरी माणसाने घ्यायला हवेत. वरच्या मजल्यावर खिडकीशी जागा आहे, कानाला लावायचं यंत्र मिळेल, हुद्दा मात्र काही नाही. साहेबांनी हुद्द्याबद्दल विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "टिपणीस कुठे बसणार?"

"तुमच्या शेजारी," बाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी साहेब खिडकीशी बसले. कानांवर ते यंत्र त्यांनी आधी उलटं चढवलं, मग सुलटं. समोर कोरी वही उघडली, तिच्यावर भिंग ठेवलं. दहा वाजून पाच मिनिटांनी पहिला फोन आला. गोडबोलीने तो वर ढकलताना कळवलं होतं की ग्राहकाचं बोलणं समजलं नाही. मीही ऐकत होते. एक म्हातारे दुकानदार होते आणि आवाजात वैताग होता.

"अहो, हप्ता झाला," ते म्हणाले, "ती माणसं आली आणि माझ्या दुकानाची काच फोडून गेली."

साहेबांनी तोंडाजवळच्या माइकवर हात ठेवला. त्यांचे डोळे चमकत होते. "खंडणी," ते मला कुजबुजत म्हणाले. "हप्तेवसुली. टिपणीस, यामागे फार मोठी टोळी आहे." त्यांचा दुसरा हात भिंगाकडे गेला.

माझ्या ओठांवर आलं होतं ते मी गिळलं. साहेबांनी भिंग उचललं, क्षणभर हातात धरलं आणि खाली ठेवलं. मग माइकवरचा हात काढला आणि घसा साफ केला.

"काका," त्यांनी विचारलं, "हप्ता म्हणजे आठवडा का?"

"मग काय? गेल्या सोमवारी रस्ता खोदत होते, त्यांचा दगड उडाला. दुसरा कुठला हप्ता असतो?"

"विम्याचा असतो."

"तो मी वेळेवर भरलाय," म्हातारे म्हणाले. "तेवढंही त्या बाईला कळेना. तुम्ही माणूस आहात ना?"

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत त्यांना कोणी हे विचारलं नसावं, आणि एवढ्या थोडक्यात उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती.

"हो," ते म्हणाले. "बोला, मी ऐकतोय."